मिरची शोधली, मुलं सापडली

धर्माबादच्या बाजारात मिरची शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. ठसका लागला की समजायचं, पोचलो. हीच मिरची प्रोजेक्टसाठी ग्रंथालयात शोधायची म्हटलं, की मात्र डोळ्यांत पाणी येतं. कारण ग्रंथालयात मिरची एका जागी बसतच नाही. पीक म्हणून ती ६३३ किंवा ६३५च्या रॅकवर, ठेचा म्हणून ६४१वर, शेतीचं अर्थकारण म्हणून ३३८वर आणि व्यापार म्हणून ३८१वर. मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये जगातलं सगळं ज्ञान दहा खान्यांत बसवलं, तेव्हा आपल्याकडची आडत काही त्याच्या डोळ्यांपुढं नव्हती.

तारा लावाल तर

मग पोरं म्हणतात, रॅक राहू द्या, ऑनलाइन बघू. तिथं दुसरी गंमत. इंग्रजीत मिरचीची स्पेलिंगं बरीच: ‘एल’ एक की दोन, शेवटी ‘आय’, ‘ई’ की ‘वाय’, यावर इंग्रजांचं आणि अमेरिकनांचं आजवर एकमत नाही. डेटाबेसमध्ये त्यावर उपाय आहे. शब्दाचं सुरुवातीचं टोक टाइप करायचं आणि पुढं तारा लावायचा. त्या टोकापासून सुरू होणारे सगळे शब्द यंत्र गोळा करतं. म्हणून कुणी हौसेनं ‘सी-एच-आय-एल’ आणि तारा एवढंच टाकलं, की मिरची येतेच. सोबत चिली हा देश येतो, ‘चाइल्ड’ येतं, ‘चिल्ड्रन’ येतं, आणि जगभरच्या बालरोगतज्ज्ञांचे लेख एका दमात पडद्यावर उतरतात. आणखी एक ‘एल’ वाढवला तर मुलं जातात, पण शीतगृहांचे ‘चिलर’ येतात.

यातून सुटायचा रस्ता वनस्पतिशास्त्रानं केव्हाच करून ठेवलाय: ‘कॅप्सिकम ॲन्युअम’. मराठीत मिरची, तेलुगूत मिरपकाय, उर्दूत मिर्च. लॅटिन नाव मात्र परभणीच्या कृषी विद्यापीठात आणि ब्राझीलमध्ये एकच. परभणीसह देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या साइटवर ठेवलेले आहेत. मिरचीवर काम करणाऱ्यानं गूगलच्या आधी तिकडं जावं. तिखटपणा हवा असेल तर ‘स्कोव्हिल’ हा शब्दही लावावा. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिखट मोजायची रीत काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा आणि माणसांना चाखायला द्यायचा; जीभ भाजायची थांबली की आकडा लिहायचा. आपल्या बाजारातल्या व्यापाऱ्यांना साखरेचं पाणीसुद्धा लागत नाही.

एक बंधारा, दोन स्पेलिंगं

तालुक्यातलाच विषय घ्यायचा तर बाभळी बंधारा. गोदावरीवरच्या या बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०१३ला निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे, हे वेळापत्रक त्याच निकालातलं. यावर लेख, अहवाल, बातम्या भरपूर आहेत, पण आपण ‘भ’साठी ‘एच’ टाकून शोधतो, आणि हद्दीपलीकडचे लोक ‘बाब्ली’ लिहितात, ‘एच’शिवाय. एकाच स्पेलिंगनं शोधणाऱ्याला वादाची एकच बाजू सापडते, आणि आपल्याला दुसरी बाजू मिळालीच नाही हे त्याला कळतही नाही. खालच्या धरणाचंही तेच: कुठं श्रीरामसागर, कुठं पोचमपाड.

मला वाटतं, शोधण्याची निम्मी कला यातच आहे. एका गोष्टीला लोक किती नावांनी हाका मारतात, हे आधी कागदावर लिहून काढायचं. धर्माबादच्या पोराला ही सवय बाहेरून लावायची गरज नाही. घरी मराठी, दुकानात तेलुगू, गल्लीत दखनी हे त्याचं रोजचंच आहे.

बूलसाहेबांचे चुलतसासरे

ही वेगवेगळी नावं यंत्राला एकत्र सांगायची कशी? ‘ऑर’ लावून. किल्लारीचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा भूकंप जगभरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासला. पण कुणी त्याला ‘लातूर भूकंप’ म्हणतं, कुणी ‘किल्लारी भूकंप’. म्हणून कंसात ‘किल्लारी ऑर लातूर’, मग ‘अँड’, मग भूकंप. चहा की कॉफी विचारलं तर आपण एकच घेतो. यंत्राला ‘ऑर’ म्हटलं की ते दोन्ही आणून ठेवतं. आणि ‘नॉट’ला जरा घाबरूनच असावं. मिरचीच्या निकालातून मुलं हाकलायला ‘नॉट चिल्ड्रन’ लावलंत, तर मिरची तोडायला जाणाऱ्या मुलांच्या शाळागळतीवरचा लेखही त्यांच्याबरोबर जाईल. प्रोजेक्टला तोच लागणार होता.

ही ‘अँड-ऑर-नॉट’ची त्रिकूट भाषा जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या तर्कशास्त्रातून आली. त्याचं गाजलेलं पुस्तक १८५४चं. पुढच्याच वर्षी त्यानं मेरी एव्हरेस्टशी लग्न केलं. हो, त्याच एव्हरेस्टांपैकी! ज्यांचं नाव शिखराला दिलं, ते सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे सख्खे काका, म्हणजे बूलचे चुलतसासरे.

आता खरी मजा. एव्हरेस्ट हैदराबादला आले ते विल्यम लॅम्टनच्या हाताखाली काम करायला. हिंदुस्थानची उभी मोजणी ७८ रेखांशाच्या आसपास दक्षिणेकडून वर सरकत होती. १८२३ मध्ये लॅम्टन वाटेत हिंगणघाटला वारले आणि काम एव्हरेस्टांच्या गळ्यात आलं. त्यांनी १८३० मध्ये जो ग्रंथ छापला त्यात १८ अंश ३ मिनिटं ते २४ अंश ७ मिनिटं या अक्षांशांमधल्या पट्ट्याचा हिशेब आहे, बीदरकडच्या दमरगिड्यापासून माळव्यातल्या सिरोंजपर्यंत. धर्माबाद १९ अक्षांशाच्या किंचित खाली आणि ७८ रेखांशाच्या किंचित पश्चिमेला. म्हणजे काकांची साखळी आपल्या शिवाराच्या आसपासून वर गेली, आणि जावयाचं तर्कशास्त्र आज कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आहे. मेरीबाई स्वतः फार हुशार. भारतीय विचारांचा आपल्या काकांवर आणि नवऱ्यावर परिणाम झाला होता, असं त्यांनी पुढं जगदीशचंद्र बोसांना पत्र लिहून कळवलं. तो दावा किती मानायचा हा वेगळा प्रबंध होईल. हवा असेल त्यानं विषय उचलावा.

प्लॅटफॉर्मवरची दशांश हद्द

ड्यूईच्या हिशेबात मराठी साहित्य ८९१.४६ आणि तेलुगू साहित्य ८९४.८२७. रेल्वेनं धर्माबाद सोडलं की पुढं बासर, जिथं सरस्वतीपुढं लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला लावतात. एका स्टेशनाच्या अंतरात ग्रंथालयाचा आकडा तीन घरं पुढं जातो. कारण भाषाकुळं. मराठी ८९१ मध्ये फारसी, रशियन आणि आयरिशच्या मांडीला मांडी लावून बसते, तर तेलुगूला ८९४ मध्ये तुर्की, हंगेरियन आणि फिनिश अशी बिऱ्हाडं शेजारी मिळालीत. उर्दू ८९१.४३९, म्हणजे रॅकवर मराठीच्या जरा आधी. धर्माबादच्या चौकात या तिन्ही भाषांचं अंतर एका टपरीएवढं असतं.

आणि ड्यूईचा लबाडपणा बघा: अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक या मंडळींना ८१० ते ८८० असे ऐसपैस वाडे, आणि उरलेल्या अख्ख्या जगाला ८९०ची एक खोली. आपल्या आकड्यात दशांशचिन्हापुढं शेपूट लांबतं ते या दाटीमुळं.

या दाटीवर तोडगा काढला तो शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनमधल्या दुकानात मेकॅनो हा जोडाजोडीचा खेळ पाहिला आणि त्यांना वाटलं, विषयसुद्धा असेच सुटे भाग जोडून बांधता येतील. त्यातून १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण आलं. पीक, रोग, प्रदेश, काळ असे भाग वेगळे करायचे आणि लागतील तसे जोडायचे. आज शोधताना डाव्या बाजूला वर्ष, भाषा, विषय अशा खुणा करून निकाल गाळतो ना, ती कल्पना याच घराण्यातली. त्यांचा जन्मदिवस म्हणून १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. कॉलेजात त्या दिवशी हार घातलेला फोटो दिसेल. तो कुणाचा हे मात्र बऱ्याच पोरांना सांगता येत नाही.

गाव तेच, विद्यापीठं तीन

नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिसंग्राम दिनी, सुरू झालं. त्याआधी आपली कॉलेजं औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाखाली, जे १९५८ मध्ये स्थापन झालं आणि १९९४ मध्येच नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. त्याच्याही आधी सगळा ओढा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडं. तिथं निजामाच्या काळात शिकवण्याचं माध्यम उर्दू होतं, आणि उर्दू पाठ्यपुस्तकं तयार करायला खास भाषांतर खातं काढलेलं होतं. म्हणून मराठवाड्यावरचं जुनं संशोधन शोधताना तीन विद्यापीठांची दारं ठोठवावी लागतात.

जिल्हा-तालुक्यांचंही तसंच. १९८२च्या आधीचं ‘लातूर’ आकडेवारीत उस्मानाबादच्या पोटात मिळेल. हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. आणि धर्माबाद? जुनी कागदपत्रं बिलोली तालुक्यात बघा. उस्मानाबाद आता धाराशिव झालंय, औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर. म्हणजे पुढच्या पिढीच्या पोरांना ‘ऑर’ आणखी दोनदा लावावा लागणार.

एक कौतुकाची गोष्ट: ग्रंथालय कायद्यात मराठवाडा महाराष्ट्राच्या पुढं होता. हैदराबाद राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९५५चा, महाराष्ट्राचा १९६७चा. कोल्हापूर संस्थान तर १९४५ मध्येच कायदा करून मोकळं झालं होतं.

बी, आणि बी. रघुनाथ

ग्रंथालयाच्या यादीत नुसतं ‘बी’ टाकलं की नारायण मुरलीधर गुप्ते येतात. परभणीचे बी. रघुनाथ हवे असतील तर ते वेगळे: सातोन्याला जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी. जुन्या तालिकेत याची सोय एका शब्दानं केलेली असे. कुलकर्णींच्या कार्डावर लिहिलेलं असायचं, ‘पहा’, आणि पुढं टोपणनाव.

दाते दोन आहेत, तेही लक्षात ठेवा. १८०० पासून १९५० पर्यंत मराठीत कोणती पुस्तकं छापली याची सूची केली ती शं. ग. दाते यांनी, चिं. ग. कर्व्यांसोबत महाराष्ट्र शब्दकोश केला तो य. रा. दाते यांनी. एकानं पुस्तकं मोजली, दुसऱ्यानं शब्द. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड तेवीस, आणि त्यातला एक अख्खा खंड नुसती सूची. सूचीचं मोल ओळखणारा माणूस! उलट टोकाला अंबाजोगाईचे दासोपंत. त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिलं ते लांबलचक कापडी पासोडीवर. खाली सरकवत राहायचं, शोधायची सोय नाही.

अकारविल्हे शोधताना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ही दगा देतात. काही कोशांत ते पार शेवटी, ‘ळ’च्या मागं उभे, काहींत ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात. संगणक दुसऱ्या पंथाचा. ज्ञानेश्वर सापडले नाहीत, तर ते कोशात नाहीत असं मानून घरी जाऊ नये.

फॉन्टचं भूत

‘शोधगंगा’ म्हणजे भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचं ऑनलाइन कोठार. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. २००९च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानं प्रबंधाची डिजिटल प्रत देणं आलं, आणि आता तिथं पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, फुकट. नुकती नोंदणी झालेल्यांचे सिनॉप्सिस वेगळ्या ठिकाणी जातात, त्याचं नाव ‘शोधगंगोत्री’. नाव ठेवणाऱ्याला दाद द्या.

पण मराठी प्रबंधांत एक भूत आहे. बरेच जुने प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप झालेत. डोळ्यांना सुंदर मराठी. कॉपी करून पेस्ट केलं की खुणांचा उकिरडा. यंत्राला तोच उकिरडा दिसतो, म्हणून आतला मजकूर शोधात येत नाही. अशा वेळी रोमन लिपीतलं शीर्षक, संशोधकाचं आडनाव किंवा गाईडचं नाव टाकून बघायचं. (गाईड म्हणजे मार्गदर्शक. बसस्टँडवर मिळतं ते नव्हे.)

युनिकोडमध्येही मेख आहेच. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला तो आडवा अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. दिसायला हुबेहूब, आतले संकेत वेगळे. काही यादीयंत्रांना ते दोन वेगळे शब्द वाटतात. मराठवाड्यात शेतकऱ्यांशिवाय प्रबंधाचं शीर्षक दुर्मीळ, तेव्हा नुसतं ‘शेतक’ टाकून तारा लावलेला बरा.

पासवर्ड घेतला का?

२०१० मध्ये कॉलेजांसाठी ‘एन-लिस्ट’ सुरू झालं: सहा हजारांवर नियतकालिकं, दोन लाखांच्या घरात ई-पुस्तकं. सभासद कॉलेजातल्या विद्यार्थ्याला स्वतःचा युजर आयडी मिळतो; घरी बसून, गाडीत बसून वाचता येतं. धर्माबादहून सुटणारी मराठवाडा एक्स्प्रेस मनमाडला पोचेपर्यंत एक अख्खा प्रोजेक्ट निघेल, रेंजनं साथ दिली तर. अडचण एकच, आयडी मागायला ग्रंथपालांच्या टेबलापर्यंत जावं लागतं. शिवाय २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांत शिकणाऱ्यांना तो लाभ आहे.

नॅशनल डिजिटल लायब्ररी ही आयआयटी खरगपूरनं उभी केली. गूगल स्कॉलर २००४ मध्ये ज्या दोघांनी सुरू केलं त्यातले अनुराग आचार्य हेही खरगपूरचेच. दूर बंगालातल्या त्या गावाचे आपल्या प्रोजेक्टवर दुहेरी उपकार.

पत्त्यांचा डाव

तालिकेची पहिली कार्डं कुठली? फ्रेंच राज्यक्रांतीत जप्त केलेल्या ग्रंथांची नोंद करायला १७९१ मध्ये खेळायचे पत्ते वापरले. मागची बाजू कोरी असायची. किलवर-बदामवर ग्रंथांची नावं! कार्डांचा हा डाव २०१५ पर्यंत चालला. त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या ओसीएलसी संस्थेनं शेवटची कार्डं छापली. आपल्याकडच्या कॉलेजांत ती लाकडी खणांची कपाटं अजून दिसतात. आत बहुतेक ठिकाणी खडू आणि तुटकी कुलपं.

मूअर्सचा टोमणा

‘इन्फर्मेशन रिट्रीव्हल’ हा शब्दप्रयोग रूढ केला कॅल्विन मूअर्स यानं, १९५० मध्ये. १९५९ मध्ये त्यानं एक नियम सांगितला: माहिती हाती असणं हे ती नसण्यापेक्षा जास्त तापाचं असेल, तर लोक शोधयंत्रणा वापरणार नाहीत. बऱ्याच जणांनी याचा अर्थ ‘यंत्रणा सोपी करा’ असा घेतला. मूअर्सचा रोख वेगळा होता. माहिती मिळाली की ती वाचावी लागते, समजून घ्यावी लागते, कदाचित आपलं म्हणणं बदलावं लागतं. त्यापेक्षा न मिळालेली बरी! प्रोजेक्टच्या आदल्या रात्री हा नियम आपोआप पटतो.

मार्शा बेट्स यांनी १९८९ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूनं एक गोड निरीक्षण मांडलं. माणूस एकच प्रश्न टाकून एकच उत्तर घेत नाही. बांधावरची बोरं वेचावीत तसा इथं एक, तिथं दोन असा वेचत जातो, आणि वेचता वेचता त्याचा प्रश्नच बदलतो. सरांना हे सांगून विषय तिसऱ्यांदा बदलून मागता येईल का, याची खात्री नाही.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर बघा. औपचारिक शिक्षणाची गाडी रखडतच गेली, वाचन मात्र चौफेर. १९६३ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं ते थेट केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्सच्या कलामीमांसेवर. तेव्हा ना लॉगिन, ना पीडीएफ.

नसलेला लेख

वैज्ञानिक लेख कसा लिहावा, यावर व्हॅन डर गीर नावाच्या लेखकाचा एक लेख जगभर संदर्भ म्हणून दिला गेलाय, चारशेच्या आसपास लेखांत. तो लेख अस्तित्वातच नाही. एका मोठ्या प्रकाशकानं ‘संदर्भ असा लिहावा’ हे दाखवायला नमुना म्हणून बनवलेली ती ओळ होती. लोकांनी ती न काढताच आपले लेख पाठवले. ॲन-विल हारझिंग यांनी २०१७ मध्ये हा घोळ सविस्तर मांडला. आता चॅटबॉट असले नमुने मागाल तेवढे देतात, लेखक, वर्ष, पानांसकट. म्हणून संदर्भ मिळाला की शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून एकदा शोधायचं. कुठंच सापडत नसेल तर यादीतून खोडा. परीक्षकांकडंही फोन असतो.

खरा प्रश्न

रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये ग्रंथपालांशी बोलून एक गोष्ट नोंदवली: काउंटरवर विचारलेला पहिला प्रश्न खरा प्रश्न नसतो. पोटात एक असतं, मनात दुसरं, आणि ग्रंथालयात मिळेल असं वाटतं ते तिसरंच ओठांवर येतं. आपल्याकडं हे नाट्य साधारण असं चालतं.

“सर, शेतीवर पुस्तक आहे का?”

“आहेत की. तो रॅक, तो रॅक आणि पलीकडचा. शेतीतलं काय पाहिजे?”

“मिरची, सर.”

“लागवड, रोग का बाजार?”

“बाजार. म्हणजे आपल्याच बाजारातले भाव.”

“कोणत्या वर्षांचे?”

“मागच्या पाच वर्षांचे चालतील का, सर?”

“पुस्तकात नाही मिळायचे ते. बाजार समितीत जा, आवकीची रजिस्टरं बघ. कवा पाहिजे?”

“सर... उद्या सबमिशन आहे.”